विनंती थांबा

परतवाडा डेपोत सव्वीस वर्षं मी उभी होते.
घाटात उभी, बाजाराच्या दिवशी उभी,
कंबर सीटच्या कडेला टेकवून
सुटे पैसे मोजत उभी.
किलोमीटर म्हणाल तर लाखांत भरतील,
पण ते टायरांचे. माझे नव्हेत.

म्हणून ठरलं, या वेळी गाडी नाही.
मी, कुमुद ढोक आणि वरुडची रत्नमाला,
तिघी रिटायर,
आमझरीला फुलय कास्देकरच्या घरी चार दिवस,
आणि फिरणं सगळं पायी.

आदल्या दिवशी अमरावतीत बूट घेतले,
नऊशे नव्वदचे, निळ्या पट्टीचे.
कुमुद म्हणाली, नवा बूट अन् नवी सून,
पहिल्याच दिवशी कामाले जुंपू नाई वं.
मी हसले.

गाविलगडाच्या दुसऱ्या दरवाजाशी
उजवी टाच बोलली.
बसून बूट काढला, मोजा उलटा करून झटकला,
काही पडलं नाही.
काटा आतच होता,
चिमटा पोचत नाही तिथे.

व्हा तुम्ही पुढे, म्हटलं दोघींना.
पुढे सरका, पुढे सरका,
आयुष्यभर लोकांना हेच तर सांगितलं.
त्या सरकल्या. त्यांचं बोलणं वळणाआड गेलं,
मग हसणंही गेलं.

पायरीवर मी आणि एक सरडा.
दोघांनाही घाई नव्हती, त्याला खरोखर
आणि मला नाइलाजानं.

वरून एक म्हातारा उतरला,
डोक्यावर गवताचा भारा, पायात काही नाही.
माझ्यासमोर थांबला, भाऱ्याखालून पाहत राहिला.
"धारणी गाडीवरच्या बाई ना तुमी?"
"हो, मीच."
"बसलेलं नाई पाह्यलं कधी तुमाले."
आणि गेला.

मला वाटतं मी त्याला कधीतरी
दोन रुपयांसाठी बोलले असणार.
चेहरा आठवेना.
त्याच्या टाचा मात्र दूरपर्यंत दिसत राहिल्या,
भेगाळलेल्या, पांढऱ्या,
एकदाही न अडखळणाऱ्या.

रात्री फुलयनं घमेल्यात कढत पाणी ओतलं,
मूठभर खडे मीठ टाकलं,
माझे पाय त्यात असतानाच बूट उचलला
आणि विळ्यानं त्याची मागची कड
कापून टाकली.
विचारलं नाही.
नऊशे नव्वद, मी म्हटलं.
ती म्हणाली, पाय कितीचा हाय?

चहाच्या टपरीवर एकच फ्रिज,
त्यातली गोठलेली बाटली रत्नमाला मागून आणायची.
तळपायाखाली ती मागे-पुढे लाटायची,
पोळी लाटतात तशी,
आधी कळ, मग गार, मग काहीच नाही.
एवढं काहीच नाही मी बऱ्याच वर्षांत अनुभवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून थांबे ठरवले.
मोहाचं झाड. हापशी.
शाळेचा ओटा. मधाच्या पेट्यांचं कुंपण, पण जरा लांबून.
प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं,
प्रवासी असो वा नसो.
कुमुद वैतागली: ऑर्डिनरी झाली तू पुरी,
आपल्यात एक्सप्रेस कोण होती मंग?
पण ओट्यावर बसल्यावर
तिनंच आधी चपला काढल्या.
तिचाही डावा अंगठा सुजला होता,
चार दिवसांपासून. सांगितलं नव्हतं.

भीमकुंड राहिलं. पॉइंट दोन राहिले.
फोटोत मी बहुतेक बसलेलीच आहे.

सकाळचं पहिलं पाऊल मात्र अजून वाईट.
खाटेच्या काठावर बसते,
टॉवेल तळव्याला अडकवून पाय ओढते,
बोटं वाकवते, सरळ करते.
खाली शेणानं सारवलेली गार जमीन.
ठणका दारातच उभा असतो, गर्दी करून.
त्याला म्हणते,
उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या.
आणि बसून राहते,
तो उतरेपर्यंत.